पडद्यावरचं खोटं पाकीट

नगरच्या कॉम्प्युटरवाल्याने मला फसवलं, आणि माझ्या तोंडून एका आईला फसवलं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी दोन्ही बाजू शोधत बसणार नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सोनईत माझं एसटीडी बूथ होतं. त्याआधी कितीतरी वर्षं मी घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात कासरे, दावी आणि बैलांच्या गळ्यातले गोंडे विकले. जमिनीवर पोतं अंथरायचं आणि दिवसभर गिऱ्हाइकाशी भांडायचं. व्यवहार मला तिथे कळला. त्याच कमाईतून बूथ घेतलं. बापाचा किंवा नवऱ्याचा त्यात हात नाही. मग लोक म्हणायला लागले की आता ईमेल आलाय, फोनचा धंदा बसणार. मी नगरला गेले आणि कॉम्प्युटर घेऊन आले.

त्या दुकानदाराशी मी सकाळपासून जेवणवेळेपर्यंत घासाघीस केली. शेवटी तो माझ्या भावाला आला, आणि तोही हसत. बाजारात असा हसत भाव सोडणाऱ्याच्या बैलाचे दात मी दोनदा तपासले असते. इथे तपासायला दातच नव्हते.

"ताई, खास तुमच्यासाठी," तो म्हणाला, "इंटरनेट लावलं की आधी आमच्या दुकानाचं पान येईल. मेल तिथूनच बघायचा. फुकट सोय आहे."

त्या पानाच्या वरच्या अंगाला एक पट्टी होती. मेल उघडला तरी ती डोक्यावर तशीच बसून राहायची. तिच्यात एक लाल पाकीट उघडझाप करायचं आणि शेजारी इंग्रजीत लिहिलेलं असायचं की तुमच्यासाठी एक निरोप आला आहे. माझं इंग्रजी बेताचं, पण एवढं मला वाचता येत होतं.

बूथवर नेमाने येणारी एक मावशी होती. विधवा बाई, मजुरी करून मुलाला आयटीआय शिकवलेली. मुलगा मस्कतला फिटर म्हणून लागला होता. घरी मुलीचं लग्न ठरलं होतं, फक्त तारीख धरायची होती. मावशीचं म्हणणं एकच: भाऊ आल्याशिवाय बहिणीचं लग्न लागणार नाही. मुलाने जाण्याआधी माझ्याच बूथवर स्वतःचा आणि आईचा असे दोन ईमेलचे पत्ते काढून ठेवले होते. मावशीच्या सांगण्यावरून मी त्याला लिहिलं, सुट्टी कधी मिळेल ते कळव, त्या बेताने तारीख धरू.

पुढच्या आठवड्यात मावशी आली. "जयभीम बाई. आलं का काही?"

मी लाइन जोडली. मोडेम किंचाळला, पान हळूहळू उतरलं, आणि वर लाल पाकीट.

"आलाय की निरोप!" मी म्हणाले.

मावशी खुर्चीवरून उठलीच. "काय म्हनतोय?"

मी पाकिटावर टिचकी मारली. एक खिडकी उघडली, घड्याळाची. ती बंद करते तोवर दुसरी, लॉटरीची. तिसरीत एक अर्धीउघडी बाई. मी पडद्यावर पदर टाकला. तेवढ्यात लाइन तुटली. मावशीच्या मेलच्या खऱ्या डब्यापर्यंत पोचलेच नाही.

"उघडत नाही, मावशी. लाइन खराब आहे. पण आलाय हे नक्की."

"मंग त्याच्या कंपनीत फोन लावू का?"

"निरोप आलाय तर परदेशी फोन कशाला? पुढच्या वेळी उघडेल."

पुढच्या वेळीही तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. मावशीने नवऱ्यामुलाकडच्यांना सांगितलं, पोराचा निरोप आलाय, थोडं थांबा. ते थांबले. मग विचारू लागले. मग म्हणाले, निरोप येतोय तर त्यात तारीख का येत नाही? तुम्हाला लग्न करायचंय की नाही?

खरं काय ते मला एका कांदेवाल्यामुळे कळलं. त्याचा ईमेलचा पत्ता मी त्याच्यासमोर काढला, आणि लगेच वर पाकीट नाचायला लागलं. मी म्हणाले, "घ्या, तुम्हाला निरोप आलाय."

"मला कोन लिहिनार?" तो हसला. "माझा पत्ता अजून मलाच पाठ न्हाई!"

त्याला तसाच बसवून मी मावशीचा डबा उघडायला घेतला. एकेक खिडकी बंद करत, तुटलेली लाइन परत जोडत, शेवटपर्यंत गेले. डबा रिकामा होता. कधीच काही आलं नव्हतं.

पहिल्या रागात मी वहीचा पुठ्ठा फाडून पडद्याच्या वरच्या भागावर चिकटवला. पट्टी झाकली गेली, पण खिडक्या पुठ्ठ्याखालून उघडतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने नगर गाठलं.

"ताई, ती जाहिरात असते," दुकानदार म्हणाला. त्याने कॉम्प्युटरवरची नजरही काढली नाही. "फुकटचं पान आहे, मग जाहिरात येणारच. दुर्लक्ष करायचं. सवय होते."

"घोडेगावला व्यापारी उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवतात," मी म्हणाले. "त्यात तिसऱ्याने हात घातला तर काय होतं, माहिती आहे?"

"हा काय बैलबाजार आहे का?"

मी दाराजवळची खुर्ची ओढली आणि ठाण मांडलं. थोड्या वेळाने एक गृहस्थ मुलीला घेऊन कॉम्प्युटर बघायला आले. दुकानदाराने तोंड उघडलं, तशी मी मध्ये उभी राहिले.

"अभिनंदन! तुमच्यासाठी एक निरोप आला आहे."

"माझ्यासाठी?" गृहस्थ दचकले. "कुणाचा?"

"कुणाचा नाही. हे दुकान कॉम्प्युटरबरोबर खोटी पाकिटं देतं, फुकट."

दुकानदार तांबडा झाला. "ताई, बाजूला व्हा."

"दुर्लक्ष करा. सवय होते."

ते गृहस्थ निघून गेले. नंतरचा एक जण माझं सगळं बोलणं ऐकून गेला, आणि जाताना दारातच दुसऱ्याला सांगून गेला. बूथ बंद होतं, माझाही दिवस बुडत होता. पण उन्हात पोत्यावर दिवस काढलेल्या बाईला पंख्याखालची खुर्ची काय जड होणार?

"पोलिसांना बोलावीन," तो म्हणाला.

"बोलवा. त्यांनाही निरोप देते."

शेवटी तो उठला. माझ्यासमोर एक कॉम्प्युटर लावला, ब्राउझरच्या सेटिंगचं पान उघडलं. तिथे त्याच्या दुकानाचा पत्ता पुसून मेलचा सरळ पत्ता घातला. मग चित्रं दाखवण्यासमोरची बरोबरची खूण काढली, आपोआप काहीबाही चालवू देणारी आणखी एक काढली. पान पुन्हा उघडलं तर नुसती अक्षरं होती. जाहिरातीच्या जागी रिकामी चौकट. आणि उघडलंही झटकन.

मी तोंडात बोट घातलं नाही. विचारलं, "हे तुला पहिल्या दिवशी माहीत होतं?"

"आमच्या पानावर लोक आले की आम्हाला थोडे पैसे मिळतात, ताई. कॉम्प्युटर तुम्हाला स्वस्तात दिला, तो कशाच्या जिवावर?"

म्हणजे माझ्या घासाघिशीची वसुली त्याने मावशीकडून केली होती. मी त्या सगळ्या खुणा त्याला परत घालायला लावल्या, आणि माझ्या हाताने काढल्या. पाठ होईपर्यंत काढल्या. सोनईला येऊन माझ्या कॉम्प्युटरवर काढल्या. पुढे श्रीरामपूरच्या ओळखीच्या बूथवाल्यांकडे जाऊनही काढल्या. चहाही घेतला नाही कुणाचा.

मावशीसाठी मी स्वतः मस्कतला फोन लावला. मुलाला कंपनीने दूर वाळवंटातल्या कामावर पाठवलं होतं, तिथे कॉम्प्युटर नव्हता. आमचं पत्र त्याने पाहिलंच नव्हतं. दोन दिवसांनी तो फोनवर आला. सुट्टीचा अर्ज महिनाभर आधी द्यावा लागतो, म्हणाला. तीन आठवडे आधी कळवलं असतं तर जमलं असतं. नवऱ्यामुलाकडचे आता एक दिवसही थांबायला तयार नव्हते.

लग्न विहारात लागलं. भावाच्या जागी चुलतभाऊ उभा राहिला. सगळं आटोपल्यावर मावशी बूथवर आली, रागावली नाही, ओरडली नाही. एवढंच विचारलं, "बाई, मंग त्या तीन खेपेला काय आलं हुतं?"

मी जाहिरात म्हणजे काय ते सांगायला लागले. ती म्हणाली, "ते कळलं. पर माझ्या लेकाचं नाव घेऊन कशापायी आली?"

हे उत्तर द्यायचं काम माझं नाहीच. ते पाकीट रंगवणाऱ्याचं आहे. तो कुठे बसतो मला ठाऊक नाही. पण त्याच्या पाकिटावर कमाई करणारा नगरला बसतो, आणि त्याचं दुकान अजून चालू आहे. मावशीही अजून सोनईत आहे, घर बूथपासून हाकेच्या अंतरावर. तेव्हा दुकानदारा, तुलाच विचारते. मला पैसे परत नकोत, माफीही नको. तू गाडीत बसून ये, तिच्या ओट्यावर बस आणि तिच्या तोंडावर सांग, तुझ्या पोराचं नाव आम्ही का विकलं. कधी येतोस ते बोल.