थांबला, असं लिही

पाण्यातून काढलेला प्रत्येक उंदीर म्हात्रे मॅडम स्वतः पुसायच्या. जुन्या पंच्याचा तुकडा, दोन बोटं आणि चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. निवृत्त होईपर्यंत त्या आमच्या फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवत होत्या. मी ग्रंथपाल. वाचनालयात कोणी येत नसे, म्हणून मी त्यांच्या प्रयोगशाळेत असे.

फिट येण्यावरच्या एका जुन्या औषधाने नैराश्य कमी होतं का, हे त्या उंदरांवर पाहत होत्या. उंदराला पाण्याच्या उभ्या काचपात्रात सोडायचं. तो आधी धडपडतो, मग नुसता तरंगतो. तरंगणं म्हणजे आशा सोडणं, असं पुस्तकं मानतात. औषध घेतलेले उंदीर जास्त वेळ धडपडले. ते नुसतेच चेकाळलेले नाहीत ना, हेही मॅडमनी त्यांना कोरड्या पेटीत सोडून पाहिलं. नव्हते.

एका विद्यार्थिनीने वहीत लिहिलं, ‘उंदीर निराश झाला.’ मॅडमनी ओळ खोडली.

“त्यानं तुला सांगितलं? थांबला, असं लिही.” मॅडमचे वडील मिठागरात कामाला होते, घर खाडीकाठी. “आमच्याकडं पोरांना आधी तरंगायला शिकवतात गो. हातपाय झाडतो तो दमून बुडतो. मग शहाणा कोण?”

“मग हा प्रयोग करता कशाला?” मी विचारलं.

“याहून बरी रीत हाताशी नाय म्हणून. पण ती लंगडी हाय, हे विसरायचं नाय.”

प्राचार्य विसरले. मॅडमचा शोधनिबंध छापून आला आणि फाटकावर फ्लेक्स लागला: ‘नैराश्यावर मात!’ त्यावर संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो होता, प्राचार्यांचा होता. उंदराचा नव्हता.

तो फ्लेक्स वाचून आमचे शिपाई घरत आत आले. जिते गावात त्यांची बायको कित्येक दिवस अंथरुणातून उठत नव्हती. ‘मी नसलेली बरी,’ एवढंच बोलायची.

“मॅडम, उंदरांना दिलीत ती गोळी हिला द्या ना.”

“घरत, ते उंदीर आजारी नव्हते. धडधाकट होते, मीच पाण्यात टाकले. वहिनींचं दुखणं वेगळं.”

“मग बोर्ड?”

“बोर्ड उंदरांनी नाय लावला. वहिनींना पेणला मानसोपचारवाल्यांकडं नेऊ. आजच.”

“वेड्यांच्या डॉक्टरकडं? लोक काय म्हणतील?”

“उंदराची गोळी चालत होती, डॉक्टर चालत नाय?”

त्याच दुपारी मॅडम रिक्षाने जित्याला गेल्या आणि वहिनींना शेजारी बसवून पेणला घेऊन आल्या. डॉक्टरांनी दुसरंच औषध दिलं. वहिनींना एकटं सोडू नका, असंही बजावलं.

कॉलेजात मॅडमचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि अध्यक्षांचं लांबलचक भाषण. मॅडम दोनच वाक्यं बोलल्या. “औषध दिलेले उंदीर जास्त वेळ पोहले, माणसांचं आम्हांला माहीत नाही. तो बोर्ड उतरवा, लोक खरं मानतात.” अध्यक्षांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. बोर्ड मात्र उतरला.

नंतर रोज सकाळी मॅडम विचारत, “वहिनी?”

“तशीच.”

“गोळी थांबवू नका.”

बरेच आठवडे हेच चाललं. मग एके दिवशी घरत तोंड पाडून आले. मॅडम उंदीर पुसत होत्या.

“जाम बोलली मला आज. कालवणात मीठ जास्त झालंय म्हटलं, तर म्हणते, मग जा त्या मिठागरवाल्या बाईंकडं जेवायला!”

मॅडमचा हात थांबला. “काय म्हणाल्या? परत सांगा.”

घरतांनी चिडून परत सांगितलं. मॅडम खळखळून हसल्या. निकाल ऐकून त्यांना हसताना मी तेवढंच एकदा पाहिलं.