खाणीच्या वळणावरचं कुळागर

डिचोलीच्या आमच्या सायकल सहलीत दोघांची लांब सायकल शिवदासकडे असते. मागच्या सीटवर अंध पाहुणा बसतो, पॅडल दोघंही मारतात आणि वाटेत दिसेल ते शिवदासने सांगायचं. आमोण्याची नदी, बगळे, शेतं तो खरीखुरी सांगतो. खाणीच्या वळणावर मात्र हा माणूस बिनदिक्कत खोटं बोलतो. तिथे तांबड्या मातीचा उघडाबोडका ढीग आहे आणि हा म्हणतो, "डावीकडे कुळागर आहे. पोफळी, केळी, कडेने व्हाळ वाहतोय." पंक्चरचं सामान घेऊन मागून येणारा मी नुसता चरफडतो.

एकेकाळी तिथे खरंच कुळागर होतं, त्याच्या वडिलांचं. खाण चालू असताना शिवदास तिथेच माती वाहणारा टिपर चालवायचा, एवढंच मला ठाऊक होतं.

काल मागे पणजीच्या पल्लवीताई होत्या. व्हाळाचं नाव ऐकताच त्या म्हणाल्या, "शिवदासबाब, जरा थांबा. पाणी ऐकू या."

सायकल थांबली. ताई मान कलती करून बराच वेळ ऐकत राहिल्या.

"काहीच ऐकू येत नाही हो."

शिवदासने हँडल घट्ट धरलं होतं.

"यायचं नाही, ताई. तो मीच बुजवला."