पाण्यातून काढलेली टिप

माझं ब्लाऊज शिवायचं दुकान सोमवारी बंद असतं. त्या दिवशी सावनेरहून माझ्या मोठ्या नणंद, म्हणजे ताई, बसने येतात आणि आम्ही दोघी सीताबर्डीत टेबलावरचे बॉल काठीने भोकात पाडायचा पूल खेळायला जातो. मोबाईलच्या दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर चार टेबलं आहेत. दुपारी तिथे शुकशुकाट असतो. सुरुवातीला कॉलेजची मुलं आमच्याकडे पाहून एकमेकांना कोपरखळ्या मारायची. आता ती मुकाट्याने टेबल रिकामं करून देतात, कारण ताई वाट पाहत उभ्या राहिल्या की त्यांच्या खेळातल्या चुका मोठ्याने सांगतात.

माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली. त्यातली पहिली पंधरा-सोळा वर्षं ताई आणि मी एकमेकींशी फक्त एकमेकींच्या भाज्यांबद्दल बोललो, आणि तेही काही चांगलं नाही. त्यांच्या मते मला वांगं कळत नव्हतं, माझ्या मते त्यांना मीठ. मग आमच्या नवऱ्यांना या खेळाचा नाद लागला. माझा नवरा मिहानमध्ये विमानदुरुस्तीच्या कामावर, ताईंचे यजमान संत्र्याचे बागायतदार. दोघे रविवारी टेबलाभोवती नाचायचे आणि आम्ही पिशव्या सांभाळत बाकावर बसायचो. एके दिवशी ताई उठल्या आणि म्हणाल्या, "चाल वं, आपुन बी पाहू." त्या दिवसापासून आमचं जमलं. आता सोमवारी मी ताईंशी जे बोलते ते सख्ख्या बहिणीशीही बोलत नाही.

दरवर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी बायका विरुद्ध नवरे असा सामना होतो. हरणाऱ्या जोडीने पुढच्या रविवारी ताईंच्या शेतात रोडगे करायचे. कणीक मळायची, गोवऱ्या पेटवायच्या, धुरात बसून भाजायचे. जिंकणाऱ्यांनी बाजेवर लोळत "अजून कच्चेच आहेत" म्हणायचं. तीन वर्षं आम्हीच धूर खाल्ला. तिसऱ्या वर्षी तर काळा बॉल, म्हणजे शेवटचा, भोकाच्या अगदी तोंडाशी होता आणि माझी काठी पांढऱ्या बॉलवरून सटकन घसरली. ताई शेतात रोडग्यांवरची राख झटकताना म्हणाल्या, "पुढच्या साली हरलो नं, तं मंग मी माह्या पोरीलेच जोडीले घेतो."

त्यांची मुलगी नागपुरातच शिकते आणि बरी खेळते. ते वाक्य मला वर्षभर टाचणीसारखं टोचत राहिलं. रोडग्यांचं मला काही नाही, रोज भाजेन. मला माझा सोमवार घालवायचा नव्हता.

मी घरी जाहीर केलं की दोष टिपचा आहे. काठीच्या टोकाला चामड्याची बोटाच्या नखाएवढी चकती असते, ती टिप. बॉलला तिचाच स्पर्श होतो. माझी टिप घासून घासून चकचकीत आणि टणक झाली होती. नवरा म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं. टिप कायले बदलून राहिली? हात बदल." मी त्याच्या डोळ्यांदेखत मोबाईलवर तीन टिपांचं पाकीट मागवलं. मऊ जातीच्या, पातळ चामड्याचे थर एकावर एक चिकटवून केलेल्या.

आता माझी हुशारी ऐका. नवं कापड आधी पाण्यातून काढल्याशिवाय मी त्याला कात्री लावत नाही. नाहीतर अस्तर आटतं, ब्लाऊज काखेत धरतो आणि गिऱ्हाईक माझा जीव खातं. कापड आटतं तर चामडं का नाही आटणार? म्हणून मी नवी टिप सकाळी वाटीभर पाण्यात टाकली, दुपारी काढली आणि सावलीत वाळत घातली. संध्याकाळपर्यंत ती फुगून, चिरोट्यासारखे पदर सुटून बसली होती. नवऱ्याने ती चिमटीत धरून दिव्याकडे नेली, नीट पाहिली आणि विचारलं, "इस्त्री काहून नाही केली?" ताईंनाही त्याने फोन करून सांगितलं आणि दोन दिवस तो एकटाच हसत होता. मला राग यायचा आणि मग मलाही हसू यायचं.

दुसरी टिप मी कोरडीच लावली. टेबलांच्या मालकाने शिकवलं तसं जुनी ब्लेडने उडवली, टोक पॉलिश पेपरवर सपाट केलं आणि गोंदाचा एकच थेंब लावला. जास्त लावला तर चामडं तो पिऊन टाकतं आणि पुन्हा टणक होतं. मग कडेला आलेलं चामडं छाटलं आणि वरून घासून गोल केलं, माझ्या अंगुस्तान्याच्या टोकाइतकं गोल. हे काम मला आवडलं. सुईचं काम करणाऱ्या बाईला एवढंसं काही नीट बसवायला आवडतंच.

पहिल्या सोमवारी मात्र पार वाट लागली. जुन्या टिपचा आवाज 'खट' असा यायचा, हिचा 'थप'. जुनी टिप बॉलला नुसतं ढकलायची, ही त्याला धरून ठेवायची. जरा डावीकडे लागलं की बॉल गिरकी घेत भलतीकडेच. "हे काय करून राहिली वं?" ताई म्हणाल्या. "पांढऱ्याले दारू पाजली का?"

पुढच्या सोमवारी मी जोर कमी केला. दर फटक्याआधी टिपला खडू लावतात, तो मी भांडी घासल्यासारखा लावत होते. आता कापडावर खूण करताना लावते तसा हलका लावू लागले. टिप मार खाऊन थोडी दबली, कडेने पुन्हा बाहेर आली, मी पुन्हा छाटली. मग ती बसली. आणि एका दुपारी मला काहीतरी सापडलं. पांढऱ्या बॉलला खालच्या अंगाला मारलं की तो समोरच्याला टोला देऊन आल्या पावली परत यायचा. जुन्या टिपने हे कधीच झालं नव्हतं. मी टाळ्या पिटल्या.

"वापस येते थे ठीक हाये," ताई म्हणाल्या, "पण थांबते कुठी?"

हा प्रश्न रास्त होता. कधी बॉल वीतभर मागे यायचा, कधी अख्खं टेबल ओलांडून. सामन्याला दोन आठवडे उरले होते. ताई म्हणाल्या, जुन्या टिपची दुसरी काठी घे. मी म्हटलं, नाही घेणार. त्या म्हणाल्या, मंग याही साली हरव मले. मी म्हटलं, हरलो तर घ्या तुमची पोरगी. असं बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. त्या दिवशी खाली उतरल्यावर आम्ही नेहमीचे तर्री पोहेसुद्धा खाल्ले नाहीत.

सामना रंगला. शेवटी आमचा एकच पट्ट्याचा बॉल आणि काळा उरला, पाळी माझी. पट्ट्याचा लांबच्या कोपऱ्यात होता आणि काळा माझ्या पोटापाशी, अलीकडच्या कोपऱ्यात. जुन्या टिपने मी पट्ट्याचा घेतला असता आणि पांढरा तिकडेच अडकला असता. मी खाली वाकले, पांढऱ्याच्या खालच्या अंगाला मारलं. थप. पट्ट्याचा आत पडला आणि पांढरा अख्खं टेबल उलटं चालत येऊन काळ्याच्या मागे थांबला. माझ्या नवऱ्याच्या हातातला चहा तसाच राहिला. ताईंचे यजमान म्हणाले, "बाप्पा!"

इथे थांबून, हळूच ढकलायचं होतं. एवढंच. पण मला आनंद आवरला नाही आणि मी पुन्हा तसाच मारला. काळा आत गेला. पांढरा मागे आला, अजून मागे आला आणि सावकाश मधल्या भोकात उतरला. काळ्याबरोबर पांढरा गेला की खेळ हरला.

ताईंनी माझी काठी घेतली, टिपवरून अंगठा फिरवला, काठी परत दिली आणि बसस्टँडवर निघून गेल्या. दुसऱ्या दिवशीच्या सोमवारी त्या आल्याच नाहीत. मी दुकान उघडून बसले आणि साड्यांना फॉल लावत राहिले. आठवडाभर फोन नाही. मीही केला नाही, मला ऐकायचंच नव्हतं.

रविवारी शेतात मी कणीक मळली, ताईंनी गोवऱ्या पेटवल्या. नवरे बाजेवर होते. ताईंची मुलगी बांधावर बसून संत्री खात होती आणि मी तिच्याकडे सवतीकडे पाहावं तशी पाहत होते. ताईंनी एक रोडगा उलटला.

"सोमवारी दाढ काढली," त्या म्हणाल्या. "बोलताच येत नव्हतं. कालपासून जरा उघडते तोंड."

मी कणकेचा पुढचा गोळा वळायला घेतला.

"त्या पाकिटात तिसरी टिप हाये का अजून?"

"आहे."

"मंग थे माह्या काठीले लावून दे. दोघीच्या सारख्या पायजेत. तू मले बॉल वापस आणनं शिकव, मी तुले थांबवनं शिकवतो."

मला रडू आलं. धूर होता, म्हणून कुणाला काही सांगावं लागलं नाही. बाजेवरून माझा नवरा ओरडला, "अजून कच्चेच आहेत!" ताईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "पाण्यात नको टाकजो फक्त."