कागदाच्या मागची सही

अंबडच्या कारखान्यात संगणक विभागात मला कायम व्हायला दोन महिने उरले होते, तेव्हाची गोष्ट. माल बाहेर नेण्याचे गेटपास नुकतेच कागदावरून संगणकावर आले होते. स्टोअरने पास भरला की तो आपोआप साहेबांकडे मंजुरीला आणि तिथून गेटवर जायचा. या प्रत्येक टप्प्याचं काम एकेक प्लगइन, म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरला जोडलेला छोटा प्रोग्राम, करायचं आणि अशी सगळी प्लगइन्स एकाच फोल्डरमध्ये होती.

स्टोअरचे साहेब निवृत्त झाले म्हणून एका शनिवारी मी मंजुरीच्या प्लगइनमध्ये नव्या साहेबांचं नाव घातलं. सोमवारी एकही पास गेटवर पोचेना. बाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवत होते.

"शनिवारी हिनेच हात लावला होता," माझ्या विभागातले सीनियर सहकारी मॅनेजरना म्हणाले.

मॅनेजरनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे...' अशी सुरुवात होती. "सही कर, विषय संपव. तुमच्या घरात कॉलेज बघणारी तू पहिलीच ना? होतं असं."

माझ्या वडिलांनी एकदा कुणाच्या तरी भरवशावर न वाचता अंगठा दिला आणि आमच्या मळ्याची पाटाच्या पाण्याची पाळी गेली. "लिवलेलं कळलं नाय, पण अंगठा माझाच हाय," एवढंच ते म्हणायचे. मी शिकले ती ह्याच्यासाठी.

"सर, चूक दाखवा, सही करते."

"तू आम्हाला शिकवणार?" मॅनेजर म्हणाले.

"नाही. शोधणार."

मी फोल्डर रिकामा केला. एकेक प्लगइन परत ठेवायचं आणि 'एक रिकामं पोतं' असा खोटा पास सोडून बघायचं. सहा प्लगइन्स ठीक चालली. सातवं ठेवलं आणि माझं पोतं थेट निवृत्त साहेबांच्या खात्यात जाऊन बसलं. सकाळचे सगळे पास तिथेच होते. साहेब मात्र मनमाडला नातवंडं खेळवत होते.

सातवं प्लगइन म्हणजे मंजुरीचीच जुनी प्रत होती. काही बदलण्याआधी प्रत काढून, नावापुढे 'जुनं' लिहून तिथेच ठेवायची, हा सीनियरचा नियम. आम्ही सगळे तो पाळायचो, शनिवारी मीही पाळला. पण सॉफ्टवेअर नाव बघत नाही, फोल्डरमध्ये असेल ते सगळं चालवतं; नव्या प्लगइननंतर जुनी प्रतही चालली आणि तिने पास पुन्हा जुन्या साहेबांकडे वळवले. आधीचे बदल किरकोळ होते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी जुन्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये हलवल्या. पास सुटले, ट्रक गेले.

"झालं ना? आता सही करून टाक," सीनियर म्हणाले. "फाइल तर बंद करावी लागेल."

मी कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर सात ओळींत, मराठीत, काय घडलं ते लिहिलं. नियम कुणाचा आणि तो कुणीकुणी पाळला, तेही. माझं नाव पहिलं. त्याखाली सही केली.

कायम व्हायला मला दोनाऐवजी आठ महिने लागले. लागू देत.