खाचेत न बसणारा खंडोबा

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार आहेत ते सदलगे गुरुजींचे. वडील तंबाखूच्या वखारीत पोती उचलत. मॅट्रिकनंतर मीही तिथेच गेलो असतो, पण गुरुजींनी मला एस.टी.त बसवून बेळगावला नेले आणि कॉलेजात नाव घातले. घराण्यातला पहिला पदवीधर झालो, तो असा. पुढे कर्नाटक पोलिसांत फौजदार झालो आणि बंगळूरला नेमणूक मिळाली. नोकरीत पुष्कळ तपास केले. त्यांतला नव्वदच्या दशकातला एक तपास निवृत्तीनंतरही मनातून जात नाही. गुन्ह्यातल्या कोणाचेही नाव मी इथे देणार नाही.

सकाळच्या हजेरीच्या वेळी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतला एक खबऱ्या ठाण्यात आला.

“सार, पंपाचे भाग ओतायच्या भट्टीत देव ओततायत. आणि ओतून झाले की पुरतायत.”

“देव कशाला पुरतील रे?” ठाणे अंमलदाराने विचारले.

“म्हातारे व्हायला, सार.”

सगळे ठाणे हसले. मी जीप काढायला सांगितली.

पंच बरोबर घेऊन छापा घातला. शेडमागच्या ओल्या खड्ड्यात, शेणामिठात गोणपाटाने गुंडाळलेल्या पंचधातूच्या मूर्ती निघाल्या. नवीकोरी मूर्ती अशी मुरवली की हिरवट, खडबडीत होते आणि शेकडो वर्षांची दिसू लागते. पंचनामा करून मुद्देमाल ताब्यात घेतला. ओतारी भलताच बोलका निघाला. जुन्या मूर्ती एक व्यापारी आणतो, त्यांवरून साचे घेतो, असे त्याने सांगितले.

“नक्कल हुबेहूब येते?” मी विचारले.

“नाकडोळे हुबेहूब, सार. पण धातू थंड होताना आक्रसतो. त्यामुळे नक्कल अस्सलापेक्षा जराशी लहानच निघते. गिऱ्हाईक काय मोजायला येतंय?”

व्यापाऱ्याला अटक करून चौकशीला आणले. गोड बोलणारा, इस्त्रीचे कपडे घातलेला माणूस. “साहेब, नक्कल करणं गुन्हा आहे का? शोभेच्या वस्तू म्हणून विकतो मी,” असे तो हसून म्हणाला. त्याचे म्हणणे खोडायचे तर मूर्ती पुरातन म्हणून विकल्याचे सिद्ध करायला हवे होते. मूर्ती विकत घेतलेल्यांपैकी पुण्याहून नोकरीसाठी आलेला एक संगणक अभियंता तेवढा पुढे आला. तो म्हणाला, “अहो, व्यापाऱ्यानं मला ज्यांची मूर्ती त्यांच्या घरी नेलं होतं. तिथले आजोबा स्वतः म्हणाले, ही आमच्या देवघरातली मूर्ती. शहाजीराजांबरोबर आलेलं घराणं आहे, मग मी कशाला संशय घेऊ?”

त्या आजोबांना मी इथे राव म्हणतो. पत्नी गेलेली, मुलगा परदेशी. मोठे घर, त्यात राहतो एकच माणूस. वृद्ध साक्षीदाराला ठाण्यात बोलवायचे नाही हा माझा नियम होता. शिवाय मराठी येणारा अधिकारी मीच, म्हणून मीच त्यांच्याकडे जाऊ लागलो.

रावांनी कॉफी दिली, पूर्वजांच्या घोड्यांच्या गोष्टी सांगितल्या. “तुमचं मराठी चोख हो, अण्णा. आमचं निम्मं कन्नड झालंय. आणि उरलेलं बोलायला माणूस नाही.” व्यापाऱ्याचा विषय काढला की मात्र एकच उत्तर मिळे: “चांगला मुलगा आहे तो. रोज संध्याकाळी येतो.”

जामिनावर सुटल्यावरही तो येत होता. आरोपी साक्षीदारांना कसे सांभाळतात ते पोलिसांना ठाऊक असते. रावांनी तोंड उघडले नाही तर खटला उभाच राहणार नव्हता.

एकदा मी सकाळीच गेलो. राव पूजेला बसले होते. देव्हाऱ्यात घोड्यावर बसलेला वीतभर खंडोबा. मूर्तीची बैठक मावेल अशी खाच जुन्या सागवानी पाटात कोरलेली होती. रावांनी फूल वाहिले, तसा देव डुगडुगला. त्यांनी सहज हात पुढे करून धोतराच्या कापडाची घडी बैठकीखाली सारली. रोजच्या सवयीचा हात होता तो.

“देव हलतायत,” मी म्हणालो.

“स्वल्प हलतात.”

“पहिल्यापासून?”

त्यांनी घंटा खाली ठेवली. ओताऱ्याचे बोलणे माझ्या कानात होते.

“त्यानं साफ करायला नेले होते,” राव म्हणाले. “आणल्यापासून हलतात.”

“तुम्हाला कळलं कधी?”

“हातात घेतले तेव्हाच. लहानपणापासून न्हाऊ घालतोय मी त्यांना.”

“मग बोलला का नाही, राव?”

“बोललो असतो तर तो यायचा बंद झाला असता.” ते देवाकडे बघत राहिले. “दुसरं कोण येतं, अण्णा? तो म्हणे, पाहुण्यांना घराण्याचं सांगा, मूर्ती इथलीच म्हणा. मी म्हणायचो. ऐकणारे लोक यायचे. बरं वाटायचं.”

पूजेचे ताम्हण बाजूला सारून ते म्हणाले, “सरी, बरं. लिहून घ्या.”

जबाब वाचून दाखवला. सही करताना त्यांनी विचारले, “आज संध्याकाळी तो येईल?” मी म्हणालो, “नाही.” त्यांनी सही केली.

या जबाबावरून व्यापाऱ्याला पुन्हा अटक झाली. मूळ खंडोबा बंगळूरजवळच्या होसकोट्याच्या गोदामात, यंत्राच्या सुट्या भागांच्या खोक्यात, परदेशी जायच्या तयारीत सापडला. पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञाने तो अस्सल ठरवला. आपण खोटे बोललो हेही रावांनी न्यायालयात सांगितले आणि त्याने काय केले तेही. आरोपीच्या पिंजऱ्याकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही.

न्यायालयाच्या हुकमाने मूर्ती परत करायला मीच गेलो. रावांनी घडी काढून टाकली आणि देव खाचेत ठेवला. बोटाने ढकलून पाहिले. देव हलला नाही. त्यांचे डोळे भरून आले.

कॉफी पिताना ते म्हणाले, “आता तुमचंही इथलं काम संपलं.”

बदलीचा हुकूम माझ्या खिशातच होता.

फसवला गेलेला माणूस भोळा असतो, असे मी तोवर समजत होतो. रावांना सगळे कळत होते. त्यानंतर अशा प्रत्येक तपासात, विशेषतः फिर्यादी म्हातारा असला तर, काय गेले हे विचारण्याआधी घरी कोण येते-जाते ते मी विचारू लागलो. चोरीचा माल परत करण्याची कायद्यात सोय आहे. संध्याकाळी येणारा माणूस परत करण्याची नाही. बंगळूरहून निघण्यापूर्वी मी गुरुजींना पत्र टाकले:

“ती. गुरुजींस साष्टांग नमस्कार. माझी बदली झाली, पुढच्या आठवड्यात निघतो. एक काम सांगायचे आहे. इथे राव म्हणून एक गृहस्थ आहेत, वयाने तुमच्याएवढे. मोठ्या घरात एकटेच असतात. काकू वारल्यापासून तुम्हीही एकटे आहात. तुम्ही तसे लिहीत नाही, पण मला कळते. त्यांचा पत्ता खाली दिला आहे. त्यांना एक पत्र लिहावे. त्यांच्या घोड्यांविषयी विचारले तरी पुरे, बाकीचे ते सांगतील. त्यांच्या मराठीत कन्नड फार आहे. तुम्ही शिक्षक, तुम्हाला खटकेल. कृपा करून चुका काढू नका. किंवा काढाच. म्हणजे त्यांना उत्तर लिहावे लागेल.

आपला विद्यार्थी.”