गनमेटलच्या पिंपात पितळ

रसूलभाई गेल्याचं त्याच्या गावाहून, रहिमतपुराहून कळलं, तेव्हा मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता संघाच्या बैठकीत माझंही कुणीतरी ऐकेल. लिहिताना लाज वाटते, पण आलं खरं... त्याला दीड महिना झाला.

सांगलीतल्या आम्हा लहान कारखानदारांचा संघ मी उभा केला. पंपांचे सुटे भाग करणारे पंधरा-वीस लेथवाले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी कोट्यातलं तांबं मिळेना, तेव्हा सरकारकडे अर्जांवर अर्ज मीच खरडले. रसूलभाईची आमच्याच गल्लीत ओतकामाची भट्टी. बाप कल्हईवाला, शाळा चौथीपर्यंत. एका बैठकीत तो उठला अन् म्हणाला, "आवं, तांबं मुंबईत कशापायी हुडकताय? रोज झाडून भंगारात घालताय की!" लेथवर निघणारा कीस आम्ही एकत्रच झाडून भंगारवाल्याला देत होतो. त्याचं म्हणणं, पितळेचं पिंप वेगळं ठेवा, जास्त तांब्याच्या गनमेटलचं वेगळं. संघानं गोळा करावं, तो वितळून आम्हालाच परत देईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या अर्जांना कधी कुणी मान डोलावली नव्हती. नुसता जळफळाट झाला माझा.

साताऱ्याचे कारखानदार आमची पिंपं बघायला आले, तेही त्याच्याशीच बोलत बसले. मला चहाचं बघायला सांगितलं. त्याच आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, मी घमेलंभर पितळेचा कीस गनमेटलच्या पिंपात ओतून ढवळून टाकला. त्या धातूचे बुश, म्हणजे पंपाचा दांडा ज्यात फिरतो त्या नळ्या, महिनाभरात झिजले आणि ऐन उसाच्या पाण्याच्या वेळी पंप बंद पडले. बैठकीत लोक त्याच्यावर तुटून पडले, पिंपं उचला म्हणाले. तो शांतपणे उभा राहिला. "चूक माझ्या भट्टीची हाय. बुश मी नवे ओतून देतो. पर पिंपं बंद करू नगासा." मी इतिवृत्त लिहीत होतो. तेच शब्द लिहून घेतले.

बाहेर पडताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आण्णा, तुमच्या लेथचा कीस लय जाड पडतोय. टूलला जरा धार लावा." एवढंच... नुसत्या किसावरून त्याला लेथ ओळखू येतो, हे मला तेव्हा कळलं. पुढं तो त्यावर एक अक्षर बोलला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शोकसभेत सगळं सांगायचं म्हणून उठलो. पण सांगितलं तर तो आणखी मोठा ठरेल, असं वाटलं. "भला माणूस होता" म्हणून खाली बसलो. मेलेल्या माणसाचाही मला हेवा वाटत होता. आज लिहितानाही वाटतो आहे.

पिंपं अजून चालू आहेत. पितळेचं काम संपलं की गनमेटल लावण्याआधी लेथ मी स्वतः झाडतो, फटीतला कीससुद्धा ब्रशनं काढतो. परवा आमचे जुने टर्नर शिंदे म्हणाले, "मालक, बास की आता. कोण बघतंय?"

खरंच, आता बघणारं कुणी नाही. मी पुन्हा एकदा ब्रश फिरवला.