नदीच्या गोट्यांवर चढलेला खडक

प्रभुदेसाई सरांची आणि माझी पहिली भेट साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात झाली. घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात भूशास्त्राचा प्रयोगसहायक म्हणून मी नुकताच लागलो होतो. सरांनी बनवून घेतलेली काचेची पेटी आणायला मला तिथे बोलावले होते. पेटीला स्क्रूने पुढेमागे सरकणारी एक फळी होती आणि आत वाळूचे रंगीत थर.

"सर, एवढं पिळून काय काढणार यातून? तेल?" वर्कशॉपच्या मिस्त्रींनी विचारले.

सरांनी आधी फळी मागे ओढली. थर ताणले, तिरकी भेग पडली, एका बाजूची वाळू खाली बसली. मग त्यांनी फळी पुढे दाबली. मला वाटले, आता दुसरीकडे भेग पडेल. पण खाली बसलेली वाळू त्याच भेगेवरून वर चढू लागली. "नवी कशाला पडेल? जुनी आयती आहे ना," सर म्हणाले. हिमालयाजवळची जमीन अशीच दाबाखाली असते आणि कोट्यवधी वर्षे निपचित पडलेल्या भेगा पुन्हा सरकतात, हा त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास.

शिस्तीला सर कडक. नकाशावर एखाद्या भेगेपुढे 'मृत' असे लिहिलेले दिसले की कागद परत यायचा. "नाडी पाहिलीत का तिची?" असे विचारायचे. मात्र पहिल्या सहलीला मी चपला घालून गेलो, तेव्हा स्वतःचे बूट त्यांनी मला दिले आणि ते स्वतः कॅनव्हासचे घालून दिवसभर दगडांतून चालले.

पुढे हिमालयाच्या पायथ्याशी एका बोगद्यासाठी सरांचा सल्ला मागण्यात आला. गुडघ्यामुळे त्यांना चढ जमेना, म्हणून वरचा ओढा पाहायला मी गेलो. तिथे नदीच्या गोट्यांवर काळा खडक बसलेला दिसला. जुना खडक वर, नवे गोटे खाली, म्हणजे नेहमीच्या क्रमाच्या उलट. जवळ जाऊन पाहायलाच हवे होते. पाऊस होता, भूक लागली होती. लांबूनच पाहून मी वहीत 'जुनी, स्थिरावलेली दरड' असे लिहिले.

"नीट पाहिलंस ना रे?" खाली आल्यावर सरांनी विचारले.

"हो सर."

दरड नव्हती ती. जुनी भेग दाबाने उलटी सरकून तो खडक गोट्यांवर चढला होता. माझ्या नोंदीवरून जागा निर्धोक ठरली, मजुरांच्या बराकी तिथेच बांधल्या गेल्या. दुसऱ्या वर्षी भूकंपाच्या धक्क्यात भेग पुन्हा सरकली, बराक कोसळली आणि तीन माणसे मेली.

चौकशीत सर एवढेच म्हणाले, "अहवालावर सही माझी आहे." बाहेर आल्यावर मी रडू लागलो. "तुझे वडील गिरणीच्या संपात घरी बसलेत. वाकोल्याच्या खोलीत पाच माणसं तुझ्या पगारावर जेवतात. गप्प बस," ते म्हणाले. आणि मी गप्प बसलो. त्याची मला लाज वाटते.

सरांचे विभागप्रमुखपद गेले. मुलुंडच्या त्यांच्या घरी कोणी फिरकेना. आज हारतुरे घेऊन उभ्या असलेल्या आपल्यापैकी तेव्हा कितीजण गेले होते? एकदा काकू मला म्हणाल्या, "हे दर दिवाळीला त्या तिन्ही घरी पत्र घालतात रे. एकाही घरून उत्तर येत नाही."

या गौरवग्रंथाच्या संपादकांनी प्रसन्न आठवणी मागितल्या आहेत. माझ्यापाशी सांगण्याजोगी ही एकच आहे. आता धाकटा भाऊ चारकोपला कामाला लागला, त्यामुळे मला सबबही उरलेली नाही. ती वही आणि माझा सहीचा कबुलीजबाब काल मी चौकशी कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने पाठवला. सरांना विचारले नाही. विचारले असते तर त्यांनी पाठवू दिले नसते. माझी नोकरी बहुधा जाईल. गेलेली माणसे त्याने परत येणार नाहीत, हेही मला ठाऊक आहे.

साठीनिमित्त सरांना सगळे शंभर वर्षांचे आयुष्य चिंततील. माझे मागणे त्याहून लहान आहे. दोष त्यांचा नव्हता, असे कार्यालयाचे पत्र येईल तेव्हा ते वाचायला सर ठणठणीत असावेत. सरकारी उत्तराला किती वर्षे लागतील कोण जाणे. तेवढे आयुष्य त्यांना मिळालेच पाहिजे.